भारी गोट्याची विद्या

माझी आजी मँगनीजच्या खाणीवर गोटे निवडायची. गोबरवाहीच्या बाजूला. हातात लहान हातोडा, समोर फोडलेल्या दगडांचा ढीग, डोक्यावर पदर आणि त्यावर ऊन. दगड उचलायचा, तळहातावर तोलायचा आणि दोन ढिगांपैकी एकात टाकायचा. "भारी असला का माल, हलका असला का कचरा," एवढेच तिचे शास्त्र. तराजू नाही, भिंग नाही. संध्याकाळी ती घरी आली की बोटांच्या रेघांत काळे भरलेले असायचे. चुलीतल्या राखेने कितीही घासले तरी ते पुरते निघायचे नाही. लहानपणी मला वाटायचे, सगळ्यांच्याच आज्यांचे हात असे असतात.

तिने निवडलेला माल तिरोडी-तुमसर रेल्वेने बाहेर गेला. मी एकदा विचारले होते, हा माल जातो कुठे? "गाडी जाते तिकडे," ती म्हणाली. तिला कोणी सांगितलेच नव्हते.

मी रसायनशास्त्र शिकले, उत्प्रेरकांवर, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणाऱ्या द्रव्यांवर, पीएच.डी. केली आणि परत येऊन तुमसरला अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवू लागले. आजीला विचारलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर पाठ्यपुस्तकात होते. मँगनीजचा दहातला नऊ भाग पोलादात जातो. आपल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतला डायऑक्साइड जातीचा माल टॉर्चच्या सेलमध्ये काळी भुकटी होऊन बसतो. उरलेले अर्धे उत्तर मला प्रयोगशाळेत मिळाले. या दगडातले मँगनीज लोखंडात थोडे मिसळले, तर ते लोखंड कोळशाच्या किंवा तणसाच्या वायूपासून प्लास्टिकचा कच्चा माल बनवू लागते. ही गोष्ट भंडारा जिल्ह्याच्या कामाची आहे, आणि जिल्ह्यात ती कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

दरवर्षी धान खरेदी सुरू झाली की आपल्याकडे बारदान्याची ओरड होते. त्यातला जो प्लास्टिकचा कट्टा असतो, पांढऱ्या पट्ट्यांनी विणलेला, तो पॉलिप्रोपिलीनचा. पॉलिप्रोपिलीन बनते प्रोपिलीन वायूपासून. ठिबकची काळी नळी बनते इथिलीनपासून. इथिलीन, प्रोपिलीन, ब्युटिलीन या भावंडांना रसायनशास्त्रात ऑलेफिन म्हणतात. त्यांच्या रेणूत कार्बनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. त्या बंधामुळेच ते एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळी करू शकतात, आणि ती साखळी म्हणजे प्लास्टिक.

आज हे ऑलेफिन मुख्यतः खनिज तेलातून निघालेला नाफ्था किंवा नैसर्गिक वायूतला इथेन ८०० अंशांच्या वर तापवून, तोडून काढतात. रायगडमधल्या नागोठण्याला हे काम अनेक वर्षे चालू आहे. पण आपला देश लागणाऱ्या खनिज तेलाच्या पाचातला चार भागांहून जास्त बाहेरून आणतो. म्हणजे साकोलीच्या शेतकऱ्याच्या कट्ट्याचा धागा कुठल्यातरी आखातात जाऊन पोचतो.

दुसरा रस्ता आहे. कोळसा, लाकूड, तणस, काहीही कार्बनवाले मोजक्या ऑक्सिजनात आणि वाफेत तापवले की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण मिळते. त्याला सिंथेसिस गॅस म्हणतात. जर्मनीत म्युलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२०च्या दशकात हा वायू लोखंड-कोबाल्टवरून नेला आणि त्यातून तेलासारखी द्रव्ये मिळवली. दक्षिण आफ्रिकेच्या सासोल कंपनीने १९५५ पासून याच विद्येवर कोळशापासून पेट्रोल काढले.

अडचण एकच. नुसते लोखंड फार मोकळ्या हाताचे असते. त्याच्यावरून वायू गेला की मिथेनपासून मेणापर्यंत सगळे निघते. कार्बनच्या साखळ्या एकेक कडी जोडत वाढतात, त्यामुळे दोन ते चार कार्बनवाला माल हवा म्हटले तरी गणिताने त्याची मर्यादा सुमारे ५८ टक्के पडते, आणि त्यातही दुहेरी बंधाचा किती, हा वेगळाच प्रश्न. हायड्रोजन हाताशी असला की तो दुहेरी बंध मोडून टाकतो. ऑलेफिनचे साधे इंधन होते. लोखंडाला वळण लावणारी जी अल्प प्रमाणातली द्रव्ये असतात, त्यांना प्रमोटर म्हणतात. सोडियम, पोटॅशियम, मँगनीज, आणि नीट मापात असेल तर गंधकसुद्धा.

हे मला पुस्तकातून कळले नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत माझे काम होते लोखंड-मँगनीजचा उत्प्रेरक बनवण्याचे. दोन्हींचे नायट्रेट पाण्यात विरघळवायचे, त्यात सोडियम कार्बोनेटचे द्रावण थेंब थेंब सोडायचे. तळाशी तपकिरी गाळ बसतो, अगदी रोवणीच्या बांधीतल्या चिखलासारखा मऊ. तो गाळून गरम पाण्याने धुवायचा, पुन्हा धुवायचा, सोडियम निघून जाईपर्यंत. मग वाळवायचा, भट्टीत भाजायचा, दाणे करायचे. बोटाएवढ्या जाडीच्या पोलादी नळीत ग्रॅमभर दाणे भरायचे, ३२० ते ३४० अंश सेल्सिअसला आणि वातावरणाच्या वीसपट दाबाला वायू सोडायचा. पलीकडून काय निघते ते गॅस क्रोमॅटोग्राफ कागदावर शेंड्यांच्या रूपाने दाखवतो. मिथेनचा शेंडा, इथिलीनचा, इथेनचा, प्रोपिलीनचा. शेंडा जितका मोठा तितका तो वायू जास्त.

एका पावसाळ्यात डिस्टिल्ड पाण्याचे यंत्र बंद पडले. सहा वेळा धुवायचा घाणा मी दोनदाच धुतला आणि पुढे नेला. दुसऱ्या दिवशी पहाटे कागद पाहिला तर मिथेनचा शेंडा खाली आलेला, प्रोपिलीनचा उंच उभा राहिलेला, आणि त्याच्या शेजारचा प्रोपेनचा जवळजवळ जमिनीला टेकलेला. मला वाटले यंत्र चुकले. नमुना पुन्हा घेतला. तोच आकार. दाण्यांत सोडियम मोजले तर एक टक्क्याहून कमी उरलेले निघाले. माझ्या मार्गदर्शकांनी सांगितले, वहीत जसे घडले तसे लिही, "नीट धुतला नाही". पुढची दोन वर्षे मी त्या एका ओळीच्या मागे काढली.

काय झाले होते? भट्टीतून निघालेला लोखंडाचा ऑक्साइड नळीत गेल्यावर आधी लोखंडाचा कार्बाइड होतो. पाच लोखंडाला दोन कार्बन, गुन्नार हेग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा. खरे काम तो करतो. सोडियम किंवा पोटॅशियम शेजारी बसले की ते आपले इलेक्ट्रॉन लोखंडाकडे सरकवते. मग लोखंड कार्बन मोनॉक्साइडला घट्ट धरते आणि हायड्रोजनला सैल. हायड्रोजन कमी पडला की दुहेरी बंध शाबूत राहतो, आणि तयार झालेले ऑलेफिन तसेच पृष्ठभागावरून निघून जाते. मँगनीजचे काम वेगळे. ते लोखंडाचे कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ देत नाही, आणि हायड्रोजनला आणखी थोडे दूर ठेवते.

मग मी मुद्दाम सोडियम वाढवले. जास्त ते चांगले, असा माझा हिशेब. एका दिवसात नळीच्या तोंडाचा दाब चढू लागला. थांबवून नळी उघडली तर आत दाणे नव्हतेच. कंदिलाच्या काचेवर धरते तशी काजळी होती. पृष्ठभागाने इतका कार्बन पकडून ठेवला होता की दाणे फुगून फुटले. मँगनीजचेही तसेच, फार घातले तर ते लोखंडालाच झाकून टाकते. ही सगळी विद्या मापाची आहे, आणि माप प्रत्येक लोखंडाला, प्रत्येक वायूला नव्याने शोधावे लागते.

ज्यांना हे सारे दूरचे वाटते, त्यांनी आपल्या घरातली युरियाची गोणी पाहावी. रोवणीनंतर धानाला जो युरिया देतो, त्याचा अमोनिया लोखंडाच्याच उत्प्रेरकावर बनतो. १९०९च्या सुमारास जर्मनीत बीएएसएफ कंपनीत अल्विन मिटाश लोखंडाचे नमुने एकामागून एक तपासत होते. स्वीडनच्या गेलिवारे भागातला मॅग्नेटाइट दगड इतरांपेक्षा सरस ठरला. शुद्ध लोखंडापेक्षा खाणीतला अशुद्ध दगड चांगला कसा? मिटाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो चाचण्या केल्या आणि शोधले की दगडातल्या मळातच गुण होता. ॲल्युमिना आणि पोटॅश यांनी लोखंडाला धार आणली होती. १९१३ मध्ये ओपाऊला कारखाना सुरू झाला. त्यातले पोटॅशियम नेमके काय करते ते पृष्ठभागावर जाऊन पाहणारे गेरहार्ड एर्टल यांना २००७ चे नोबेल मिळाले. एका खाणीतल्या दगडाचा मळ कोणीतरी तपासला, म्हणून भंडाऱ्याच्या बांधीत धान हिरवे दिसते.

आपल्या दगडाकडेही एकाने असेच बारकाईने पाहिले होते. लुईस ली फर्मर या भूशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. बालाघाट, भंडारा, नागपूरच्या पट्ट्यात मँगनीजबरोबर सापडणाऱ्या एका खडकाला त्याने गोंडांच्या नावावरून गोंडाइट नाव दिले. या पट्ट्यात क्रिप्टोमेलेन नावाचे खनिजही आहे. त्याच्या रचनेत मँगनीजच्या जोडीला पोटॅशियम असते. दोन्ही प्रमोटर एकाच दगडात! मी वर्गात त्याचे सूत्र फळ्यावर लिहिते तेव्हा खाणीच्या गावांतून येणारी मुले मान वर करून बघतात. त्यांच्या घराच्या कुंपणाला तोच दगड लावलेला असतो.

आता जिल्ह्याकडे या नजरेने पाहू. लोखंड? सासोल आपल्या एका पद्धतीत पोलाद लाटताना सुटणारी खपली, मिल स्केल, पोटॅशबरोबर वितळवून उत्प्रेरक करत आली. पोलाद लाटले जाते तिथे ही खपली निघतेच, आणि आपल्याकडे वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. मँगनीज? चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. शिवाय डोंगरी बुजुर्गला मॉईल या खाण कंपनीचा इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा प्रकल्प आहे, म्हणजे दगडातून शुद्ध मँगनीज डायऑक्साइड काढण्याची कला तुमसर तालुक्यात आधीपासून आहे. पोटॅश? तणसाच्या राखेत. आजीच्या हातांचे काळे राखेने निदान थोडे तरी निघायचे ते त्याच पोटॅशमुळे. उत्प्रेरकाला बसायला लागणारा आधार? राईस मिलच्या कोंड्याची राख बहुतांशी सिलिकाच असते. आणि वायू करायला कार्बन? हार्वेस्टरने कापलेल्या बांधीत पडलेले तणस, ज्याला कार्तिकात काडी लावतात आणि ज्याच्या धुराने घसा धरतो.

मी भाबडेपणाने हे मांडत नाही. खाणीतला दगड तसाच नळीत भरून चालत नाही. आपल्या मँगनीजमध्ये फॉस्फरसही असतो, तो आधी काढावा लागेल. तणसाच्या वायूत क्लोरीन आणि डांबर येते, ते धुऊन काढणे हे कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे. लोखंडाचा एक दोषही मोठा आहे. ते ऑलेफिन करता करता बराच कार्बन कार्बन डायऑक्साइड करून उडवतो. उत्प्रेरकाला मँगनीज लागते ते किलोंत, पोलादाला लागते ते लाखो टनांत, त्यामुळे यातून खाणीचा खप वाढेल असेही मी म्हणणार नाही. आणि प्लास्टिकचे काय, नाल्यात अडकलेल्या पिशव्यांचे काय, हे विचारणारेही बरोबरच विचारतात. पण कट्टा आणि ठिबकची नळी उद्या बंद होणार नाही. ती तेलापासून करायची की जाळून टाकल्या जाणाऱ्या तणसापासून, एवढा निर्णय आपल्या हातात आहे.

जग यात थांबलेले नाही. २०१२ मध्ये हॉलंडच्या उट्रेख्त विद्यापीठात हिर्सा टोरेस गाल्व्हिस आणि क्राइन द योंग यांच्या गटाने लोखंडाचे अतिसूक्ष्म कण, सोबत थोडे सोडियम आणि गंधक, एवढ्यावर तयार मालातला ६० टक्क्यांपर्यंत भाग हलक्या ऑलेफिनचा मिळवला. गंधक म्हणजे उत्प्रेरकाचे विष, असे आम्हाला शिकवले होते. मापात दिले तर तेच मिथेनला आवर घालते. २०१६ मध्ये चीनमध्ये दोन वेगवेगळ्या गटांनीही ५८ टक्क्यांची जुनी मर्यादा ओलांडली. डालियनच्या गटाने लोखंडाऐवजी ऑक्साइड आणि झिओलाइटची जोडी घेतली. शांघायच्या गटाने कोबाल्ट कार्बाइड घेतला, आणि त्याचे प्रमोटर होते मँगनीज आणि सोडियम. २०२१ मध्ये वुहानहून आलेल्या कामात लोखंड-मँगनीजच्या कणाला सिलिकाचे कवच आणि त्यावर पाण्याला दूर ठेवणारा थर दिला होता. त्याने कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मिळून पाव हिश्श्याच्या खाली आले. म्हणजे मी वर सांगितलेला लोखंडाचा दोषही आवरता येतो. लोखंड, मँगनीज, सिलिका. हा निबंध मी वाचला तेव्हा समोर आमच्या गावची यादी मांडल्यासारखे वाटले.

आपल्याच सरकारनेही २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाचे गॅसीकरण करण्याचे लक्ष्य ठेवले आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे सिंथेसिस गॅस देशात होणार आहेच. त्या वायूचे पुढे काय करायचे हे उत्प्रेरक ठरवतो. तो उत्प्रेरक आपण विकत आणणार की बनवणार, हे आत्ता ठरते आहे. आजीच्या काळी दगड बाहेर गेला आणि पोलाद विकत आले. तीच चूक विद्येच्या बाबतीत करायची का?

मला कारखाना नको आहे. भूमिपूजनाचे दगड या जिल्ह्याने पाहिले आहेत. मी मागते आहे ती एक छोटी प्रयोगशाळा. तुमसरला किंवा भंडाऱ्याला, एखाद्या सरकारी इमारतीच्या दोन खोल्यांत. बोटभर जाडीच्या चार पोलादी नळ्या, त्यांच्या भट्ट्या, वायू मोजून सोडणारी उपकरणे, एक गॅस क्रोमॅटोग्राफ, आणि कार्बन मोनॉक्साइड विषारी म्हणून भिंतीवर गळती सांगणारा भोंगा. तिथे आपल्या खाणीचे मँगनीज, आपल्या राखेचे पोटॅश, आपल्या कोंड्याचा सिलिका मापामापाने तपासला जावा. बी.एस्सी. झालेली मुले-मुली, जी आज नागपूरच्या औषध कंपनीत बारा तास पॅकिंग करतात, ती इथे नोंदवही लिहायला शिकतील.

पैसा कुठून? मँगनीजमधूनच. २०१५ च्या खनिज कायद्यातल्या दुरुस्तीने खाण असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करणे बंधनकारक झाले. जानेवारी २०१५ च्या आधीच्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के, नंतर लिलावात गेलेल्यांनी १० टक्के रक्कम त्यात भरायची असते. शिक्षण आणि कौशल्यविकास ही या निधीच्या अग्रक्रमाची कामे आहेत. पिण्याचे पाणी आणि दवाखाना आधी, हे मलाही मान्य आहे. खाणीच्या गावात मी वाढले आहे, धूळ काय करते ते मला ठाऊक आहे. पण शिक्षणाच्या वाट्यातून दरवर्षी शाळांना बाके आणि संगणक देऊन झाल्यावर, एक वर्ष या दोन खोल्यांसाठी द्यावे.

मँगनीजच्या पैशातून रसायनशास्त्र उभे राहिल्याचे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगनीजचे खाणमालक होते. १९३० मध्ये त्यांनी मृत्युपत्राने आपली बहुतेक संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाले, जे आज स्वतंत्र विद्यापीठ आहे. तेलापासून रंगापर्यंत कितीतरी कारखान्यांत तिथली माणसे आहेत. माझी आजी ज्या पिढीची, त्या पिढीच्या खाणमजुरांनी निवडलेल्या दगडांचा त्यात वाटा आहे, आणि तो कोणत्याही फलकावर लिहिलेला नाही. त्या संस्थेचे प्राध्यापक आणि डोंगरी बुजुर्गचे रसायनतज्ज्ञ एका टेबलाशी बसले, तर या प्रयोगशाळेचा आराखडा व्हायला फार दिवस लागणार नाहीत.

आजी गेली तेव्हा तिच्या पेटीत फडक्यात बांधलेले दोन गोटे निघाले. एक भारी, एक हलका. नव्या बायकांना शिकवायला ती ते जवळ ठेवायची, असे आई म्हणाली. दोन्ही आता माझ्या वर्गात असतात. मी मुलांच्या हातावर ते ठेवते आणि डोळे मिटून सांगायला लावते, माल कोणता. सगळी मुले अचूक सांगतात. त्यापुढचा प्रश्न, या मालात पोटॅशियम किती आणि लोखंडाला तो कसे वळण लावेल, याचे उत्तर शोधायला त्यांना आज जिल्हा सोडावा लागतो. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या नियामक परिषदेने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. आणि तुमसर, मोहाडी, भंडाऱ्यातल्या ज्या वाचकांच्या घरी कोणी खाणीवर राबले असेल, त्यांनी आपापल्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा. पैसा त्यांच्याच घामाचा आहे.